धक्का तयार, जहाज मात्र पुढे

मुंबईहून संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटलेले पर्यटक जहाज दुसऱ्या दिवशी सकाळी सात-आठ वाजता गोव्यातल्या मुरगावला लागते. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, चाल तासाला पंधरा-सोळा मैलांची. या हिशेबाने रत्नागिरी येते ती मध्यरात्र उलटून गेल्यावर. डेकवर जागे असलेल्या चार-दोघांना रत्नदुर्गाकडच्या दीपगृहाचा झोत दिसत असेल. बाकीचे जहाज झोपलेले असते किंवा नाचत असते. विजयदुर्ग, देवगड, मालवण पहाटेपर्यंत मागे पडतात. कोकणच्या बंदरांत क्रूझ जहाजे का थांबत नाहीत, या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर या वेळापत्रकात आहे.

आपल्याकडची चर्चा मात्र वेळापत्रकापासून सुरू होत नाही, ती टर्मिनलपासून सुरू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत दहा सागरी क्रूझ टर्मिनल आणि वर्षाला दहा लाख सागरी क्रूझ प्रवासी, हे त्याचे उद्दिष्ट. वर्षभराने बॅलार्ड पिअरवर मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झाले, ५५६ कोटी रुपये खर्चाचे. मुंबईला ते हवेच होते. मुंबईत प्रवास सुरू होतो आणि संपतो. विमानतळ, हॉटेले, रसद, इंधन, दुरुस्ती हे सारे तिथे आहे. पण राजधानीत टर्मिनल झाले की किनाऱ्यावरच्या प्रत्येक जिल्ह्याला आपल्याकडेही एक असावे असे वाटू लागते. ही अपेक्षा चुकीची नाही. धक्का बांधला की जहाज येईल, हे तिच्यामागचे गृहीतक मात्र चुकीचे आहे, आणि जगभरातल्या कमी प्रसिद्ध बंदरांनी त्याची किंमत मोजली आहे.

क्रूझ जहाजाचा मार्ग कसा ठरतो, हे आधी पाहू. तो बंदरात ठरत नाही. मायामी, जिनोआ, जिनिव्हा अशा शहरांतल्या कंपन्यांच्या कार्यालयांत, प्रवासाच्या दोन-तीन वर्षे आधी ठरतो. आठवड्याचा प्रवास घेतला, तर एक मूळ बंदर, ज्याच्या नावावर तिकिटे खपतात असे एखादे प्रसिद्ध बंदर, एखादा दिवस निव्वळ समुद्रात, आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी वाटेवरची बंदरे. कमी प्रसिद्ध बंदरांची सगळी झुंज या उरलेल्या दोन-तीन दिवसांसाठी असते. जहाजाला सकाळी सात-आठला पोहोचायचे असते आणि संध्याकाळी पाच-सहाला निघायचे असते. म्हणजे आदल्या बंदरापासूनचे अंतर एका रात्रीत, बेताच्या चालीने कापता आले पाहिजे. त्याहून जवळचे बंदर उपयोगाचे नाही, कारण जहाज मध्यरात्रीच तिथे पोहोचते. त्याहून लांबचे बंदर परवडत नाही, कारण चाल वाढवावी लागते. जहाजाला लागणारी शक्ती चालीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सोळा मैलांऐवजी वीस मैलांनी जायचे ठरवले, तर तासाचे इंधन जवळपास दुप्पट जळते. बंदराच्या माहितीपत्रकातले किल्ले आणि किनारे कितीही देखणे असले, तरी हा हिशेब आधी सुटावा लागतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे नानाइमो हे याचे बोलके उदाहरण आहे. व्हँकुव्हर बेटावरचे हे शहर कोळशाच्या खाणींवर वाढले. आज वस्ती लाखाच्या घरात. दर उन्हाळ्यात व्हँकुव्हरहून अलास्काकडे जाणारी मोठी जहाजे त्याच्या समोरच्या पाण्यातून जातात. ही जहाजे डोळ्यांदेखत पुढे जाताना पाहून शहराने सरकारी निधी मिळवला आणि २०११ मध्ये मोठ्या जहाजांसाठी क्रूझ टर्मिनल सुरू केले. धक्का चांगला, स्वागतकक्ष चांगला, गावही टुमदार. तरी तिथे हंगामात येणारी जहाजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. कारण नकाशात आहे. व्हँकुव्हर ते नानाइमो हे अंतर चाळीस सागरी मैलांच्या आत आहे. साधी फेरीबोट पावणेदोन तासांत पलीकडे नेते. व्हँकुव्हरहून दुपारी चार-पाचला सुटलेले जहाज नानाइमोसमोर येते, तेव्हा प्रवासी पहिल्या रात्रीच्या जेवणाला बसत असतात. नुकताच प्रवासाला निघालेला माणूस दोन-तीन तासांत पुन्हा जमिनीवर उतरायला तयार नसतो, आणि त्याला उतरवले तर दुसऱ्या दिवसाचे सारे गणित कोलमडते.

त्याच वाटेवर आणखी उत्तरेला कॅम्पबेल रिव्हर आहे. तिथल्या मूळ रहिवासी समाजाने मोठ्या उमेदीने क्रूझसाठी धक्का उभारला. जहाजे तिथेही फारशी आली नाहीत. या गावाच्या पुढे सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिथला प्रवाह तासाला पंधरा मैलांपर्यंत जातो. मधोमध असलेला रिपल रॉक हा खडक १९५८ च्या एप्रिलमध्ये सुरुंगाने उडवून द्यावा लागला, इतकी ती वाट घातक होती. आजही मोठे जहाज तिथून जाते ते प्रवाह मंदावण्याची वेळ साधून. ती वेळ रोज बदलते. ती पकडण्यासाठी कप्तान आधीपासून चाल कमी-जास्त करत असतो. तिच्या ऐन तोंडाशी असलेल्या गावात आठ तास थांबणे त्याला क्वचितच जमते. धक्का बांधणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज काढला, पर्यटकांचा काढला. समोरच्या पाण्याच्या वेळापत्रकापुढे मात्र ते दोन्ही अंदाज तोकडे पडले.

आणि जहाजे ज्या बंदराला येतात, ते बंदर तरी निर्धास्त असते का? नानाइमोच्या दक्षिणेला व्हिक्टोरिया आहे. तिथे हंगामात जहाजांची रीघ लागते. शहर सुंदर आहे, बागा प्रसिद्ध आहेत, पण रीघ लागण्याचे मोठे कारण अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे. परदेशी ध्वजाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून निघून फक्त अमेरिकेचीच बंदरे करत परत येता येत नाही. मध्ये एखादे परदेशी बंदर गाठावे लागते. सिएटलहून अलास्काला जाऊन परतणारी जहाजे म्हणून शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी व्हिक्टोरियाला टेकतात. कोविडच्या काळात कॅनडाने आपली बंदरे क्रूझसाठी बंद ठेवली. तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने मे २०२१ मध्ये या अटीतून तात्पुरती सूट दिली, आणि जहाजे व्हिक्टोरियाला न थांबता सिएटल-अलास्का फेऱ्या करू लागली. ज्या बंदराची भरभराट दुसऱ्या देशाच्या कायद्यावर उभी आहे, ते एका दुरुस्तीने रिकामे होऊ शकते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. नवे मंगळूर हे काही जगप्रसिद्ध पर्यटनस्थळ नाही, तरी परदेशी जहाजे अनेक हंगाम तिथे येत आली आहेत. उतारू मूडबिद्रीची हजार खांबांची बसदी, कारकळचा गोमटेश्वर, सेंट अलॉयशियसच्या चॅपेलमधली चित्रे, एखादा काजू कारखाना पाहून संध्याकाळी परततात. रत्नागिरीला हे का मिळत नाही? मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची, कोलंबो अशी साखळी नकाशावर मांडली, तर मुरगाव ते मंगळूर एक रात्र, मंगळूर ते कोची आणखी एक रात्र. मंगळूर साखळीच्या सांध्यावर बसले आहे. रत्नागिरी मुंबई आणि मुरगाव या दोन सांध्यांच्या मध्ये आहे. त्यातच मुंबई, मुरगाव, मंगळूर, कोची, चेन्नई या केंद्राच्या अखत्यारीतल्या मोठ्या बंदरांवर परदेशी प्रवाशांसाठी ई-व्हिसा, इमिग्रेशन, कस्टम यांची घडी बसली आहे. राज्याच्या अखत्यारीतल्या आपल्या अठ्ठेचाळीस लहान बंदरांपैकी कोणत्याही एका बंदरात हजार परदेशी माणसे सकाळी आठला उतरवायची, तर किती खात्यांचे किती अधिकारी कुठून आणायचे, याचे लेखी उत्तर कंपनीला दोन वर्षे आधी हवे असते. २००४ पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय बंदर-सुरक्षा नियमावलीही पाळावी लागते. आयत्या वेळी ‘बघू, होऊन जाईल’ या आश्वासनावर कोणी मार्ग आखत नाही.

पाण्याचा प्रश्नही आहेच. मुंबईहून सध्या फिरणारे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० चे, दोनशे मीटरहून थोडे अधिक लांब. आजच्या मापाने ते मध्यमच. तेही सात मीटरांच्या आसपास पाण्यात बुडते. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांना नऊ मीटरांहून अधिक पाणी लागते. कोकणातल्या जुन्या बंदरांपैकी बहुतेक खाडीच्या मुखाशी आहेत आणि खाड्या गाळाने भरत आल्या आहेत. राजापूर एकेकाळी इंग्रजांची वखार असलेले मोठे बंदर होते. आज त्या खाडीत मोठे जहाज शिरण्याचा विचारही कोणी करणार नाही. जयगडला खोल पाणी आहे, पण ते माल उतरवणारे बंदर आहे. कोळसा आणि खनिज हाताळणाऱ्या धक्क्यावर उतरलेल्या पर्यटकाचा मूड काय होतो, हे मुरगावने पुरेसे अनुभवले आहे. राहता राहिला मार्ग बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींनी माणसे किनाऱ्यावर आणण्याचा.

हा मार्ग ऐकायला सोपा आहे, म्हणून त्याचा हिशेब जवळून पाहू. समजा, दोन हजार प्रवाशांचे जहाज सकाळी आठला रत्नागिरीबाहेर नांगरले. दीड हजार लोक उतरणार. जहाजाच्या चार बोटी, एका खेपेला शंभर-सव्वाशे माणसे, जाऊन-येऊन चाळीस मिनिटे. सगळे उतरेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जातो. संध्याकाळी पाचला निघायचे तर शेवटची बोट साडेचारला. म्हणजे परतीची रांग अडीचपासून. सरासरी प्रवाशाच्या हातात जमिनीवरचे जेमतेम पाच तास उरतात. त्यांतले हजार लोक सहलीला निघाले, तर चाळीस आसनांच्या पंचवीस गाड्या लागतात. त्या चालत्या एसीच्या, स्वच्छ आणि त्याच सकाळी एकाच ठिकाणी उभ्या हव्यात. पंचवीस गाइड हवेत, त्यांतल्या निदान निम्म्यांना चांगले इंग्रजी, काहींना जर्मन किंवा फ्रेंच यायला हवे. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, उक्षीचे कातळशिल्प, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे: सांगण्यासारखे आणि दाखवण्यासारखे रत्नागिरीत भरपूर आहे. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाने हद्दपारीची अखेरची वर्षे जिथे काढली, ते घर कोणत्याही देशाच्या प्रवाशाला थांबवून ठेवेल. पण जहाज ज्या वारी येणार, त्या वारी संग्रहालय बंद असेल तर ते उघडण्याचा अधिकार कोणाचा? उक्षीच्या कातळापाशी शंभर माणसांना पुरेल असे स्वच्छतागृह आहे का? गणपतीपुळ्याच्या वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर मागे कोणी सरायचे? क्रूझ कंपनीचा पाहणीसाठी आलेला माणूस नेमके हेच पाहतो. किल्ल्याचा इतिहास त्याने आधीच वाचलेला असतो.

त्यात वाऱ्याचा भाग वेगळा. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत आपला किनारा बंदच. उरलेल्या महिन्यांतही दुपारनंतर वायव्येचा वारा चढला की बोटींची ये-जा अवघड होते. जहाजावरच्या प्रवाशांत वयस्कर माणसे बरीच असतात; हेलकावणाऱ्या बोटीतून पायरीवर पाय टाकणे त्यांना धोक्याचे वाटते. नांगरून उतरवण्याच्या बंदरावरचे थांबे हवामानामुळे रद्द होण्याचे प्रमाण धक्क्याच्या बंदरापेक्षा जास्त असते. एकदा थांबा रद्द झाला की कंपनीला सहलींचे पैसे परत करावे लागतात, आणि तीच नोंद पुढच्या वर्षीच्या बैठकीत त्या बंदराच्या नावापुढे दिसते.

बंदराचे शुल्क कमी केले की जहाजे येतील, असा एक समज आहे. केंद्र सरकारने २०२० मध्ये क्रूझ जहाजांचे बंदरशुल्क साठ ते सत्तर टक्क्यांनी कमी केले. ते योग्यच होते. आपले दर खरोखरच जास्त होते. पण शुल्क हा कंपनीच्या ताळेबंदातला एक आकडा आहे. त्याहून मोठा आकडा प्रवाशाच्या खिशाचा. क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा असतो: मद्य, कॅसिनो, दुकाने, स्पा, आणि किनाऱ्यावरच्या सहली. प्रवासी जहाजावर असताना या खर्चाची मिळकत कंपनीची. बंदरात उतरला की ती कंपनीच्या हातून सुटते, तिने स्वतः विकलेल्या सहली वगळता. म्हणून कंपन्यांनी सरळ स्वतःचे किनारे घेतले किंवा बांधले. बहामातले कोकोके हे बेट रॉयल कॅरिबियनने २०१९ मध्ये नव्याने उभारले. कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामा बेटावर ‘सेलिब्रेशन की’ सुरू केले. आठवड्याच्या प्रवासातला एक दिवस असा कंपनीच्या स्वतःच्या किनाऱ्यावर गेला की उरलेल्या बंदरांच्या वाट्याचा तेवढा दिवस कमी होतो. आज एखाद्या कॅरिबियन गावाची स्पर्धा शेजारच्या गावाशी नाही, जहाजाच्या मालकाशीच आहे.

डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या प्वेर्तो प्लाताची हकिकत याच अंगाने वाचावी. जवळपास तीन दशके तिथे क्रूझ जहाजे येत नव्हती. २०१५ मध्ये कार्निव्हलने तिथे अँबर कोव्ह हे स्वतःचे बंदर बांधले आणि जहाजे परतली. गावाला रोजगार मिळाला, हे नाकारता येत नाही. पण जहाजे कधी येणार, किती येणार, कुंपणाच्या आत कोणाचे दुकान असणार, हे ठरवण्याचे बळही त्याच कंपनीकडे गेले. आपल्या किनाऱ्यावर असा प्रस्ताव आला, तर तो स्वीकारण्यापूर्वी या बाजूचा नीट विचार व्हावा. मोठी गुंतवणूक येते म्हणून जमीन, खाडी आणि मासेमारीची वहिवाट पन्नास वर्षांसाठी देऊन टाकणे, हा सौदा नंतर मोडता येत नाही.

एकाच कंपनीवर विसंबण्याचा धोका आपल्याला नवा नाही. एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे क्रूझ जहाज मोठ्या गाजावाजात मुंबईत आले. कोविडची साथ आली, २०२० मध्ये त्याची कंपनी बुडाली आणि ते जहाज अलंगला मोडीत निघाले. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेली ‘आंग्रिया’ही टिकली नाही. कोस्टा या कंपनीची जहाजे काही हंगाम मुंबईतून फिरली, मग दुसरीकडे गेली. जहाजाला चाके नसली तरी ते कोणत्याही गाडीपेक्षा सहज दुसरीकडे नेता येते. धक्का आहे तिथेच राहतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा सुएझमार्गे युरोप-आशिया करणाऱ्या अनेक क्रूझ जहाजांनी वाट बदलली आणि त्यांच्या यादीतली भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे गळली. यात एकाही बंदराचा काही दोष नव्हता.

मग कोकणच्या बंदरांनी हा नाद सोडावा का? आमचे मत तसे नाही. सोडायचा आहे तो मोठ्या जहाजाचा नाद.

कोकणच्या किनाऱ्यावर एके काळी बोट थांबत होती, हे आठवून पाहावे. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला जायची. बहुतेक ठिकाणी ती बाहेरच उभी राहायची. पडाव आणि होड्या जाऊन माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या घेऊन यायच्या. ती थांबायची कारण तिथे तिचे उतारू राहायचे. चाकरमानी होता, त्याच्या घरी गणपती होता, आईला मनीऑर्डरीबरोबर मुंबईची साडी पोहोचवायची होती. रस्ता सुधारला, एसटी वाढली, बोट बंद झाली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर ती परत येण्याचे कारणच उरले नाही. आजच्या क्रूझ जहाजाचा एकही उतारू हर्णैचा नसतो. त्याला थांबवायचे तर कारण नव्याने निर्माण करावे लागते.

नॉर्वेने ते जुने कारण जपून ठेवले. तिथली ‘हुर्तिग्रुटेन’ ही किनारी बोटसेवा १८९३ पासून चालू आहे. बर्गन ते किर्केनेस या वाटेवर ती चौतीस बंदरांना लागते. त्यांतली कित्येक बंदरे आपल्या देवगडपेक्षा मोठी नाहीत, आणि काहींना ती भर मध्यरात्री टेकते. तिच्यावर जगभरचे पर्यटक असतात, शेजारी दोन बंदरांमधला स्थानिक प्रवासी असतो, तळाला माल असतो. सरकार या सेवेसाठी पैसे मोजते. म्हणून तिथल्या छोट्या गावाला पर्यटकांच्या मर्जीवर जगावे लागत नाही. बोट येणारच असते, पर्यटक तिच्याबरोबर येतो. कोकणासाठी किनारी प्रवासी सेवेचा विचार होतो तेव्हा पर्यटन आणि स्थानिक वाहतूक ही दोन खाती वेगळी ठेवली जातात. ती एकत्र केली तर मुंबई-रत्नागिरी-मालवण अशी नियमित बोट दोन्ही प्रकारच्या उतारूंवर उभी राहू शकेल. पहिली काही वर्षे तिला सरकारी आधार लागेल, आणि तो द्यावा. महामार्गाच्या दुरुस्तीवर आपण जेवढे खर्च करतो, त्याच्या तुलनेत तो थोडाच असेल.

दुसरी वाट छोट्या जहाजांची. शंभर ते अडीचशे प्रवाशांची, मोहिमेच्या धर्तीवर फिरणारी जहाजे जगात वाढत आहेत. त्यांतली कित्येक पाच मीटरांपेक्षा कमी पाण्यात बुडतात, रबरी बोटींनी थेट पुळणीवर उतरवतात, आणि त्यांचा प्रवासी गर्दीपासून दूर जाण्यासाठीच जास्त पैसे देतो. अशा जहाजाला मुंबई-गोवा एका रात्रीत कापायचे नसते. तीच वाट चार-पाच दिवसांत करायची असते. तिथे रत्नागिरी मधली न राहता मुक्कामाची होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. चारही याच किनाऱ्यावर, मुंबई ते मालवण या ओळीत. मराठ्यांच्या आरमाराची गोष्ट समुद्रावरून, आरमाराच्या नजरेने पाहत जाण्याची ही सोय भारतात दुसरीकडे नाही. क्रूझ कंपनीला नावासाठी बंदर लागते. इथे चार बंदरे मिळून एक नाव होते, एकटे कोणतेही होत नाही. म्हणून हर्णै, विजयदुर्ग, मालवण यांनी स्वतंत्र प्रस्ताव घेऊन फिरण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने चारही जलदुर्गांची मिळून एक वाट आखावी, तिच्या वेळा, नांगराच्या जागा, परवानग्या एका कागदावर आणाव्यात, आणि मुरगावला जोडून ती विकावी.

यासाठी लागणारा खर्च टर्मिनलच्या तुलनेत किरकोळ आहे. भरती-ओहोटी दोन्हींत पाय टाकता येईल अशी तरंगती जेट्टी. तिच्यापासून रस्त्यापर्यंत सावली आणि सपाट पायवाट. खरोखर चालू असलेली स्वच्छतागृहे. मालवण, विजयदुर्ग, हर्णै इथल्या तरुण मुलामुलींना वर्षभराचे गाइड प्रशिक्षण, परवाना आणि ठरलेला दर. कॅनडातल्या सागनेने काही वर्षांपूर्वी जहाजांचे लक्ष वेधले ते गावकऱ्यांच्या स्वागताने. कागदगिरण्यांचे हे गाव पारंपरिक वेशात धक्क्यावर उतरते आणि ब्लूबेरीचे पाय खाऊ घालते. मालवणने तसा वेश करण्याची गरज नाही. घावन आणि सोलकढी देणारी एक खानावळ, आठ-दहा जणांना सामावणारा, वेळ पाळणारा मासळीबाजाराचा फेरफटका, दशावताराचा अर्ध्या तासाचा प्रयोग, एवढ्यावरही जहाजावरचे लोक वर्षानुवर्षे बोलत राहतात. मात्र ते दर खेपेला, ठरलेल्या वेळी झाले पाहिजे. पहिल्या जहाजाला ढोल-ताशे आणि पाचव्या जहाजाला कुलूप, असे झाले की सहावे जहाज येत नाही.

मोठ्या बंदरांत सध्या जे चालले आहे, तेही छोट्या बंदरांना उपयोगी ठरू शकते. व्हेनिसने २०२१ पासून मोठी जहाजे शहराच्या ऐतिहासिक कालव्यातून बाहेर काढली. दुब्रोवनिकने दिवसाला दोन जहाजांची मर्यादा घातली. अलास्कातल्या जूनोने जहाजांची आणि नंतर दिवसाच्या प्रवाशांची संख्या बांधून दिली. गर्दीला कंटाळलेली कंपनी आणि प्रवासी नवे किनारे शोधत आहेत. पण या शहरांनी मर्यादा घातली ती लोक रस्त्यावर उतरल्यावर, निम्मे नुकसान झाल्यावर. सिंधुदुर्ग किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. तिथे जाणाऱ्या होड्यांवर मालवणातल्या अनेक घरांची चूल पेटते. एका वेळी किती माणसे किल्ल्यात सोडायची, जहाजाच्या बोटी थेट किल्ल्याला लागणार की मालवणच्या होडीवाल्यांमार्फत जाणार, नांगराच्या जागेमुळे रापणीच्या आणि जाळ्यांच्या वाटा अडतात का, हे पहिल्या जहाजाच्या आधी ठरले पाहिजे, आणि ठरवताना टेबलाच्या एका बाजूला होडीवाले आणि मच्छीमार सोसायट्या बसल्या पाहिजेत. २०२८ च्या हिवाळ्यातले मार्ग आखण्याचे काम कंपन्यांच्या कार्यालयांत फार लांब नाही. त्या बैठकांपर्यंत चार जलदुर्गांचा एक कागद, ठरलेल्या संख्येसह आणि सह्यांसह, पोहोचवणे सागरी मंडळाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी आधी एकही वीट रचावी लागत नाही.